पूर्णविरामबाईंचा कॉम्प्युटर

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे पूर्णविरामबाई म्हणतात. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर नुसतं बाई.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी आम्ही पुस्तकं आवाजात भरून देतो. वाचणारे आपापल्या घरी बसून वाचतात, फायली पाठवतात, आणि मी कानाला हेडफोन लावून त्या शब्दन् शब्द तपासते. वाचणाऱ्यांच्याही नाना तऱ्हा असतात. कुणी स्वल्पविरामाला जुमानत नाही, कुणी जोडाक्षरं गिळतं, कुणी प्रश्नचिन्ह दिसलं की शेजारणीला विचारावं तसं विचारतं. बाई मात्र पूर्णविराम आला की थांबणार म्हणजे थांबणार. पुढच्या वाक्यात घर पेटलेलं का असेना. म्हणून ते नाव.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळी नोकरी इमारतींच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यात गेली, खालून वरच्या माणसाला ओरडून सांगण्यात. निवृत्त झाले तसा त्यांनी मोर्चा घराकडे वळवला. घरातली एक वस्तू त्यांनी होती तशी राहू दिली नाही. दाराची कडी बदलली, मिक्सरचं झाकण बदललं, नळाला काहीतरी लावून त्याची धार बारीक केली. कुणी म्हणालं की अहो, कंपनीनं विचार करूनच बनवलं असेल ना, तर त्यांचं उत्तर ठरलेलं : "कंपनीनं दिलं म्हणजे काय देवानं दिलं?"

बाई म्हणायच्या, "मी ह्यांच्या हाती लागले तेव्हा जवळ पाना नव्हता, म्हणून मी आहे तशी राहिले."

बाईंचा कॉम्प्युटर यजमानांनीच सुटे भाग आणून जोडला होता. घरातल्या सामानाच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या उभ्या करून त्यांनी वाचायची जागा केली होती, आणि तिथेच टेबलाखाली तो कॉम्प्युटर. सगळं झकास होतं, फक्त त्याच्या पंख्याची घरघर फायलीत यायची. मी फोन करून सांगायची, "बाई, मागे कुणीतरी घोरतंय."

"कॉम्प्युटर घोरतोय," बाई म्हणायच्या. "हे बाहेरच्या खोलीत घोरतात. दोघांचा सूर वेगळा आहे, नीट ऐक."

ते यजमानांनी मनावर घेतलं. पंखा फिरतो कशासाठी, तर प्रोसेसर तापतो म्हणून. तापतो का, तर कंपन्या त्याला लागते त्यापेक्षा थोडी जास्तच वीज देतात, सगळीकडे निभावून जावं म्हणून. ती वीज जराशी कमी केली तर तो कमी तापेल आणि पंखा हळू फिरेल. हे त्यांनी कुठेकुठे वाचून काढलं आणि कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या आतल्या सेटिंगच्या पडद्यात शिरून वीज थोडी थोडी खाली आणायला सुरुवात केली. आज एवढी, उद्या आणखी थोडी. प्रत्येक वेळी त्याला भरपूर काम लावून तासन् तास पळवायचे. दमला नाही की पुढची पायरी.

एका दुपारी त्यांनी बाईंना त्या खोलीत बोलावलं. "ऐक."

"काय ऐकू?"

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर!" म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

त्याच आठवड्यात बाहेर जाताना चपलेचा पट्टा लावायला वाकले ते तसेच कलंडले. मेंदूला झटका. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा अगदी सगळी गेली असंही नाही. एक शब्द उरला : "वर." पाणी हवं असलं तरी वर, खिडकी लावा म्हणायचं असलं तरी वर, आणि बायकोकडे बघून काही म्हणायचं असलं तरी वरच. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जो शब्द आयुष्यभर जास्त वापरला तो कधीकधी मागे राहतो. समजतं किती ते सांगता येत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा बाई त्यांचा सदरा घडी करत होत्या. मी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "मला काही होतच नाही गं. दाढ काढल्यावर गालाला हात लावला तर कसं वाटतं? आपलाच असतो, पण लागत नाही. तसं आहे." आणि सदऱ्याची बाही सरळ केली.

त्यांची धाकटी नणंद येऊन राहिली होती. ती प्रत्येक खोलीत जाऊन रडून यायची. एकदा तिनं न राहवून विचारलंच, "वहिनी, तुम्ही दगड आहात की काय?"

"असेन," बाई म्हणाल्या. "घरात कुणीतरी न हलणारं हवंच." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. अर्ध्यावर राहिलेली कादंबरी पूर्ण करते म्हणाल्या. सकाळी यजमानांचं आवरून झालं की नणंद त्यांच्यापाशी बसेल, तेवढ्या वेळात वाचीन. मला बरं वाटलं. वाटलं, कामात जीव रमेल.

पण काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर गोठायला लागला. गोठणं म्हणजे बंद पडणं नव्हे. पडदा दिसतोय, अक्षरं जिथल्या तिथे, पण बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळही पुढे जात नाही. बटण दाबून धरायचं, तो मरू द्यायचा, परत सुरू करायचा. जेवढं वाचून जपून ठेवायचं राहिलं असेल तेवढं गेलं. बाई पान संपलं की थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुढचं पान मनात वाचून घ्यायच्या, आणि मान वर करून बघतात तर गोठलेला. परत ते पान पहिल्यापासून. मी त्यांच्या त्या दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचलेल्या पानांत वैताग शोधायची. सापडायचा नाही. जसं पहिल्यांदा, तसंच तिसऱ्यांदा.

"बाई, राग नाही येत?"

"कुणाचा?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

मी एक दुरुस्तीवाला गाठून दिला. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, मोठा बोलका माणूस. त्यानं कॉम्प्युटर उघडून धूळ काढली. गोठला. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, मग नव्या घातल्या. गोठला. आतले सगळे प्रोग्राम पुसून पहिल्यापासून भरले. तरी गोठला. शेवटी दुकानात नेला आणि त्याला काम लावून दिवसभर पळवला, तर हूं नाही की चूं नाही. बिचाऱ्यानं आणून दिला, समोर चालवून दाखवला, जिना उतरला असेल नसेल, आणि इकडे बाईंनी पाण्याचा पेला उचलला तोवर गोठला.

"ताई, डॉक्टर आला की ताप उतरतो तसं चाललंय ह्याचं," तो मला फोनवर म्हणाला. "मी हात टेकले. रोग म्हशीला आणि डाग पखालीला असं होतंय. म्हैस कुठली ते सापडत नाही."

ती म्हैस मला सापडली, तीही सहज. मी फायली ऐकत होते. जुन्या प्रकरणांना नवी प्रकरणं जोडताना लक्षात आलं की जुन्यांच्या मागे ती घरघर आहे, आणि नव्यांच्या मागे काहीच नाही. स्वच्छ. मी फोन केला.

"बाई, ते घोरणं कुठे गेलं हो?"

बाईंनी मला त्या दुपारची ती 'ऐक'ची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "ह्यांनी आत जाऊन काहीतरी केलं होतं. विजेचं. मी कधी विचारलं नाही नेमकं काय ते."

"मग त्यांनाच विचारा ना," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"विचारते," बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्यालाही त्यांनी फोन केला. तो परगावी गेलेला. विजेचं म्हणताच तो ताडकन म्हणाला, "हां! अहो, हे आधी सांगायचं ना! पण मी येईपर्यंत आत जाऊ नका." आत कसं जातात तेवढं मात्र बोलण्याच्या भरात सांगून बसला : सुरू होताना अमुक एक कळ दाबून धरायची.

बाईंनी वाट पाहिली नाही. का, ते मी नंतर विचारलं. "प्रकरण द्यायचं होतं ना तुला," एवढंच म्हणाल्या.

सामानाच्या खोलीचं दार अरुंद. चाकांची खुर्ची आत जाईना. नणंद आणि बाईंनी दोन्ही बाजूंनी धरून यजमानांना उभं केलं, डावा पाय पुढे, उजवा ओढत, आणि बाईंच्या वाचायच्या खुर्चीवर बसवलं. बाईंनी कळ दाबून धरली. आतला पडदा आला. ओळीच ओळी. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे 'ऑटो' लिहिलेलं. कंपनीनं ठरवलं तसं, असा त्याचा अर्थ. एका ओळीपुढे तेवढा आकडा होता. नव्वद, आणि त्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ.

यजमान त्या पडद्याकडे बघायला लागले. झटका आल्यापासून त्यांनी कशाकडे असं बघितलं नव्हतं, असं नणंद म्हणते. डोळे बारीक केले, मान थोडी पुढे.

"हाच का आकडा?" बाईंनी विचारलं.

"वर."

"वाढवायचा?"

"वर."

बाईंनी उलटं विचारलं. "की कमी करायचा?"

"वर!" त्यांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. "वर. वर." बोगद्यात तळाशी उभं राहून वरच्या मजल्यावरच्या माणसाला ओरडावं तसं.

बाईंनी आकडा वर नेला. नव्वदाचे एकशे तीस केले, जपून ठेवलं, आणि कॉम्प्युटर परत सुरू केला.

पडदा काळा. खालचा दिवा लागलेला, आत काही हललं नाही. बाईंनी बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. काळाच.

यजमानांनी पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे. तोंड वाकडं झालं. एकच बाजू हलते त्यांची, त्यामुळे ते हसले की रडले ते दोघींनाही सांगता येईना. तेवढ्यात त्यांचे कपडे ओले झाले. नणंद तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाईंनी त्यांना उठवलं, पुसलं, कोरडे कपडे घातले, खुर्चीचं कापड धुवायला टाकलं. मग मला फोन करून सांगितलं की प्रकरणाला उशीर होईल.

"काय झालं?"

"पूर्ण बंद पडला आता. निदान रोजची धाकधूक गेली," त्या म्हणाल्या. विनोद म्हणून म्हणाल्या असाव्यात, पण आवाजात तो नव्हता.

दुरुस्तीवाला परत आला तो थेट त्यांच्याकडेच. त्यानं कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आतल्या मोठ्या हिरव्या पाटीवरची नाण्याएवढी बॅटरी उपसून हातात घेऊन बसला. ती काढली की आत केलेले सगळे बदल तो विसरतो आणि कंपनीनं दिला तसा होतो. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "किती केला होता म्हणालात?"

"एकशे तीस."

"आधी एक रेघ होती?"

"होती."

"अहो ताई, ती रेघ नव्हती! ते उणे होतं." तो कपाळाला हात लावून हसायला लागला, मग बाईंचा चेहरा बघून थांबला. "म्हणजे असं, साहेबांनी नव्वदनं कमी केली होती वीज. तुम्ही एकशे तीसनं कमी केलीत. आकडा वर नेला की वीज खाली जाते इथे. उठायलाच जोर राहिला नाही त्याला."

आयुष्यभर छापलेलं प्रत्येक चिन्ह पाळणाऱ्या बाई त्या एका चिन्हावरून घसरल्या होत्या. त्यांना ती संवादाच्या आधी असते तशी रेघ वाटली होती.

"पण मग नव्वदला गोठत का होता? ह्यांनी तर तासन् तास चालवून बघितला होता."

"तिथेच तर गोम आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "साहेबांनी बघितला तो पळताना. मीही दुकानात पळवलाच. पळताना हा भरपूर वीज घेतो, त्यातून थोडी गेली तरी भागतं. पण काम नसलं की हा आपण होऊन वीज अगदी कमी करतो, डुलकी काढल्यासारखा. आधीच कमी, त्यातून साहेबांनी काढून घेतलेली. मग तिथेच बसतो. तुम्ही वाचायचं थांबलात, पाणी प्यायलात, की ह्याची डुलकी, आणि गेला. साहेबांना आणखी आठवडा मिळाला असता तर त्यांच्या लक्षात आलं असतं."

"म्हणजे थोडी वाढवायला हवी होती."

"हो. थोडी वर."

"वर," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

दुरुस्तीवाल्याच्या हातातून बॅटरी निसटली. "साहेब बोलले की!"

"ते सगळ्यालाच वर म्हणतात," बाई म्हणाल्या, आणि वाकून टेबलाखाली बॅटरी शोधायला लागल्या.

हे सगळं त्यांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, हवामानाची बातमी वाचावी तसं. मी विचारलं, "बाई, पण त्यांना माहीत असेल का हो? कळून सांगत असतील?"

"असेल. नसेलही. आज सकाळी आंघोळीच्या पाण्यालाही वरच म्हणाले."

बॅटरी बसवल्यावर कॉम्प्युटर पहिल्या दमात सुरू झाला आणि पंखा पूर्वीसारखा घरघरायला लागला. नंतर तो एकदाही गोठला नाही. दुरुस्तीवाल्यानं सांगून बघितलं की साहेबांची कल्पना चांगली होती, अर्ध्यावर ठेवू, डुलकीतही तपासून देतो. बाई नको म्हणाल्या. "परत बिघडलं तर विचारायचं कुणाला?"

मग घरघरीचं काय करायचं? भिंतीला भोक पाडून लांब वायरी ओढायच्या आणि कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत ठेवायचा, पडदा आणि माइक तेवढे इकडे. पलीकडची खोली म्हणजे यजमानांची. दुसरी जागाच नव्हती. नणंदेनं कडकडून विरोध केला. आजारी माणसाच्या उशाशी दिवसभर घरघर? बाई म्हणाल्या, ठेवून बघू, त्रास झाला तर काढू.

ठेवला. त्या दिवशी बाई वाचत असताना नणंद भावाजवळ बसली होती. ती सांगते, पंखा सुरू झाला तशी त्यांनी मान वळवली. बराच वेळ ऐकत राहिले. मग डावा हात लांब करून तो डबा चाचपला, वरच्या पत्र्यावर तळवा टेकला, आणि तसाच ठेवला. पत्रा कोमट असतो. तिला हुंदका आवरेना, म्हणून ती वहिनीला सांगायला धावली. दार बंद होतं. बाई वाचत होत्या. वाचन संपल्यावर सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्रास होत नाही ना? मग राहू दे."

कादंबरी संपत आली. शेवटच्या प्रकरणात वर्षानुवर्षं दुरावलेली दोन माणसं भेटतात आणि त्यांतलं एक त्याच दिवशी जातं. बाईंचं वाचन थांबलं होतं त्या आठवड्यांत ते प्रकरण दुसऱ्या एका वाचकानं वाचून बघितलं होतं, आणि त्याचा गळा दाटून आला होता आणि आम्ही ते तसंच ठेवायचं की नाही ह्यावर वाद घातला होता. बाईंनी ते सरळ वाचलं. प्रत्येक पूर्णविरामाला थांबून, कुठेही न अडखळता. आमच्या प्रमुखांनी ऐकलं आणि म्हणाले, "आवाजाचा रंग उतरलाय का ह्यांच्या? परत वाचून घ्यायचं का?"

मी नको म्हणाले. परत वाचलं तर तेच येईल हे मला ठाऊक होतं. पुस्तक गेलं. काही दिवसांनी एका नेहमीच्या ऐकणाऱ्या आजोबांचा फोन आला. म्हणाले, "ह्या बाई मध्ये पडत नाहीत. माझं मला रडू देतात. त्यांना सांगा." मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं," आणि पुढचं पुस्तक कधी देतेस म्हणून विचारलं.

माझ्याकडे तीन होती. एक प्रवासवर्णन, एक आत्मचरित्र, आणि एक जमीन मोजणीचं जाडजूड पाठ्यपुस्तक. तक्ते, मापं, उदाहरणं. ते कुणीच घेत नव्हतं, वर्ष झालं असेल. मी पहिल्या दोन्हींबद्दल भरभरून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"तिसऱ्यात गोष्ट आहे का कुठे?"

"गोष्ट कसली, बाई. साखळी, टेप, खुंट्या, आकडेमोड. झोप येईल."

"माणसं?"

"एक मदतनीस आहे, तो दुसऱ्या टोकाला काठी धरून उभा राहतो. तेवढाच."

"तेच दे मग," बाई म्हणाल्या.

सोमवारी पहिलं प्रकरण आलं. उतारावर साखळी कशी धरावी ह्याबद्दल होतं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. चूक एकही नव्हती.